श्राव्य व दृक्‌श्राव्य अतिथी नोंदवही

श्राव्य अतिथी नोंदवही आणि दृक्‌श्राव्य अतिथी नोंदवही ही विवाहासारख्या समारंभात पाहुण्यांचे आशीर्वाद, शुभेच्छा व आठवणी मुद्रित करून ठेवण्याची साधने होत. व्यवहारात त्यांना अनुक्रमे ऑडिओ गेस्टबुक व व्हिडिओ गेस्टबुक म्हणतात. पहिल्या प्रकारात पाहुणा जुन्या धाटणीच्या फोनचा रिसीव्हर उचलून बोलतो आणि केवळ त्याचा आवाज नोंदवला जातो. दुसऱ्या प्रकारात तो कॅमेऱ्यासमोर बोलतो आणि आवाजाबरोबर चेहरा, हावभाव व पेहरावही नोंदवले जातात.

दोन्ही साधनांचा हेतू एकच असला तरी त्यांतून मिळणारा ठेवा सारखा नसतो. यंत्रासमोर माणूस कसा बोलतो, गोंगाटात त्याचे बोलणे किती ऐकू येते, कोणत्या पाहुण्याला कोणते साधन झेपते आणि मुद्रण किती वर्षे टिकते, या चार बाबतींत त्यांच्यात फरक पडतो. विवाहाला आलेल्या वडीलधाऱ्या मंडळींचा आवाज पुढे पुन्हा मिळवता येत नाही. त्यामुळे साधनाची निवड वरवर किरकोळ वाटली, तरी चुकल्यास ती सुधारण्याची संधी नसते.

## पार्श्वभूमी

### लिखित नोंदी

समारंभाला आलेल्यांची नोंद ठेवण्याची प्रथा अनेक समाजांत आढळते. क्वेकर पंथाच्या विवाहात उपस्थित असलेले सर्व जण साक्षीदार या नात्याने विवाहपत्रावर सही करतात. पाश्चात्त्य विवाहसमारंभात प्रवेशद्वाराजवळ वही ठेवून पाहुण्यांकडून नाव व शुभेच्छा लिहून घेण्याची रीत आहे.

महाराष्ट्रात अशी वही ठेवण्याची जुनी प्रथा नव्हती. पण आहेराची वही होती आणि आजही अनेक ठिकाणी आहे. मांडवात किंवा कार्यालयाच्या एका बाजूला घरचा एखादा विश्वासू माणूस वही घेऊन बसतो आणि कोणी काय आहेर केला, हे नाव-गावासह टिपून ठेवतो. पुढे त्या घरच्या कार्यात परत आहेर करताना ही वही उघडली जाते. तीत माणसाचे नाव व रक्कम असते. त्याचे बोलणे नसते. घरच्याच कोणी रचलेली मंगलाष्टके छापून वाटण्याची प्रथाही महाराष्ट्रात आहे. शार्दूलविक्रीडित वृत्तातली ती कडवी कागदावर राहतात, पण ती म्हणणाऱ्या आत्याचा किंवा मामाचा सूर कागदावर राहत नाही.

### मुद्रणाचा आरंभ

कुटुंबातील माणसांचा आवाज जपून ठेवण्याची कल्पना ध्वनिमुद्रणाइतकीच जुनी आहे. थॉमस एडिसन यांनी १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला. पुढच्याच वर्षी लिहिलेल्या एका लेखात त्यांनी या यंत्राचे संभाव्य उपयोग नोंदवले. पत्रलेखन, अंधांसाठी बोलकी पुस्तके व संगीत यांच्याबरोबर त्या यादीत कुटुंबीयांच्या आठवणी व बोल त्यांच्याच आवाजात साठवणारी ‘कौटुंबिक नोंद’ हाही एक उपयोग होता.

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेल्या कॅसेटमुळे घरोघरी ध्वनिमुद्रण शक्य झाले. जेव्हीसी कंपनीची व्हीएचएस ही चित्रफीत १९७६ मध्ये जपानात आली आणि पुढे भारतातही लग्नाचे ‘व्हिडिओ शूटिंग’ रूढ झाले. मात्र लग्नाच्या चित्रफितींवर पार्श्वसंगीत म्हणून चित्रपटगीते जोडण्याची पद्धत पडली. परिणामी अनेक घरांतील चित्रफितींत पाहुणे चालताना, अक्षता टाकताना व जेवताना दिसतात. त्यांचे बोलणे मात्र ऐकू येत नाही. श्राव्य नोंदवहीचे महत्त्व समजून घेताना ही उणीव लक्षात घेणे आवश्यक आहे.

### अलीकडील प्रसार

कोविड-१९ साथीच्या काळात विवाहातील उपस्थितीवर मर्यादा आल्या. महाराष्ट्रात एप्रिल २०२१ मधील निर्बंधांनुसार विवाहास केवळ २५ व्यक्तींना परवानगी होती. दूरच्या नातेवाइकांचे ध्वनिसंदेश व चित्रफिती मागवून समारंभात ऐकवण्याचे, दाखवण्याचे प्रकार या काळात अनेकांनी अनुभवले. साथ ओसरल्यानंतर अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया इत्यादी देशांत फोनच्या आकाराच्या श्राव्य नोंदवह्या लोकप्रिय झाल्या आणि भारतातील शहरांतही त्या भाड्याने मिळू लागल्या.

## रचना व कार्य

### श्राव्य नोंदवही

हे साधन बहुधा डायल फिरवण्याच्या जुन्या फोनसारखे दिसते, परंतु ते कोणत्याही दूरध्वनी तारेला जोडलेले नसते. रिसीव्हर उचलताच त्याखालची कळ सुटते व यंत्र सुरू होते. प्रथम वधूवरांनी आधी मुद्रित केलेले स्वागताचे दोन शब्द ऐकू येतात. नंतर ‘बीप’ असा आवाज होतो आणि मुद्रण सुरू होते. रिसीव्हर परत ठेवला की संदेश पूर्ण होतो. प्रत्येक संदेशाची स्वतंत्र फाइल मेमरी कार्डावर साठवली जाते.

जुन्या फोनमधील कार्बनचा मायक्रोफोन मुद्रणासाठी फारसा चांगला नसल्याने त्याजागी इलेक्ट्रेट प्रकारचा लहान मायक्रोफोन बसवतात. प्रत्यक्ष दूरध्वनी सेवेत परंपरेने सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढ्याच कंप्रता पुढे पाठवल्या जातात, म्हणून फोनवरचा आवाज काहीसा आखूड वाटतो. नोंदवहीत मुद्रण यंत्रातच होत असल्यामुळे ही मर्यादा लागू होत नाही.

### दृक्‌श्राव्य नोंदवही

या साधनाचे तीन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात पडदे लावून लहान कक्ष तयार करतात व त्यात कॅमेरा किंवा टॅबलेट, गोल दिवा आणि मायक्रोफोन ठेवतात. पाहुणा पडद्यावरील बटण दाबून बोलतो. दुसऱ्या प्रकारात कॅमेरा व मायक्रोफोन घेतलेली व्यक्ती पाहुण्यांमध्ये फिरते. तिसऱ्या प्रकारात टेबलांवर क्यूआर कोड ठेवलेला असतो आणि पाहुणे स्वतःच्या मोबाइलवर चित्रफीत काढून ती दिलेल्या ठिकाणी पाठवतात.

## तुलना

### बोलणाऱ्यावर होणारा परिणाम

फोन कानाला लावून बोलणे ही सर्वांच्या सवयीची कृती आहे. बोलणाऱ्याला कोणाकडे पाहावे लागत नाही, स्वतःचा चेहरा समोर दिसत नाही आणि आपण कसे दिसतो याची चिंता राहत नाही. त्यामुळे श्राव्य संदेशात माणूस बहुधा एकटा व एकाच व्यक्तीशी बोलल्यासारखा बोलतो. जपानमधील ओत्सुची येथे इतारू सासाकी यांनी २०१० मध्ये आपल्या बागेत कुठेही न जोडलेला फोन ठेवला. २०११ च्या त्सुनामीनंतर असंख्य लोक तेथे जाऊन आपल्या दिवंगत आप्तांशी बोलले. पलीकडे कोणी नसतानाही रिसीव्हर हातात आल्यावर माणसाला मनातले बोलावेसे वाटते, याचे हे उदाहरण आहे.

कॅमेऱ्यासमोर हेच माणूस सावरून उभे राहते. पुष्कळदा तीन-चार जण मिळून कक्षात शिरतात, एकमेकांना ढकलतात, हसतात आणि घोषणा दिल्यासारख्या शुभेच्छा देतात. अशा संदेशांत मनोगत कमी असले, तरी त्या दिवसाचा उत्साह, मित्रांची थट्टामस्करी व मुलांचा नाच त्यांत उतरतो. हे आवाजातून पुरेसे कळत नाही.

अमेरिकेत २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात सुरू झालेल्या ‘स्टोरीकॉर्प्स’ या उपक्रमात सामान्य माणसांच्या जोड्यांचे सुमारे ४० मिनिटांचे संभाषण छोट्या कक्षात ध्वनिमुद्रित केले जाते व ते अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जतन होते. या उपक्रमाचा पाया केवळ आवाज हा आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे.

### ध्वनीची स्पष्टता

मंगल कार्यालयात सनई, बँड, ध्वनिक्षेपक व गर्दी यांचा एकत्रित गोंगाट असतो. अशा ठिकाणी मायक्रोफोन तोंडापासून किती दूर आहे, यावर सारे अवलंबून राहते. मोकळ्या जागेत अंतर निम्मे झाले की पोहोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. रिसीव्हर तोंडापासून ५ सेंटिमीटरवर आणि कॅमेऱ्याचा मायक्रोफोन १ मीटरवर आहे असे धरले, तर बोलण्याच्या पातळीत सुमारे २६ डेसिबलचा फरक पडतो. भोवतालचा गोंगाट मात्र दोन्हीकडे जवळपास सारखाच असतो. म्हणून गर्दीत श्राव्य नोंदवहीतील शब्द स्पष्ट उमटतात, तर कॅमेऱ्याच्या अंगच्या मायक्रोफोनवर काढलेल्या चित्रफितीत ते अनेकदा हरवतात. दृक्‌श्राव्य नोंदवहीत हातात धरण्याचा किंवा कपड्याला लावण्याचा वेगळा मायक्रोफोन वापरल्यास हा दोष बराच कमी होतो.

### पाहुण्यांची सोय

लिहिण्याचा सराव नसलेल्या, दृष्टी अधू झालेल्या किंवा हात थरथरणाऱ्या वृद्धांना कागदी वही अवघड जाते. त्यांना दोन्ही मुद्रित प्रकार उपयोगी पडतात; त्यातही रिसीव्हर अधिक ओळखीचा असतो. याउलट सांकेतिक भाषा वापरणाऱ्या कर्णबधिर व्यक्तींसाठी दृक्‌श्राव्य नोंदवही हा एकमेव खरा पर्याय आहे. अशा पाहुण्यांच्या विवाहात केवळ फोन ठेवणे म्हणजे त्यांना नोंदीतून वगळणे होय. बोलता न येणारी लहान मुलेही केवळ चित्रातच उमटतात.

### भाषा व बोली

कागदी वहीत लिहिताना लोक बहुधा ठरावीक प्रमाण भाषेतील वाक्ये लिहितात. ‘नांदा सौख्यभरे’ हा आशीर्वाद एकाच वहीत अनेकदा सापडतो. बोलताना मात्र माणूस आपल्या बोलीवर येतो. मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या आजीचा हेल, तिचे शब्द व तिची म्हण तिच्या आवाजातच टिकते. मराठीत याचे मोठ्या प्रमाणावरील उदाहरण जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनाचे आहे. हेमा राईरकर व गी पॉइटव्हाँ यांच्या पुढाकाराने ग्रामीण स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांतील अनेकींचे ध्वनिमुद्रणही झाल्याने शब्दांबरोबर चाल व गळा यांचीही नोंद राहिली.

### साठवण

सीडीच्या दर्जाच्या, पण एकाच वाहिनीच्या असंकोचित ध्वनिफितीला मिनिटाला सुमारे ५.३ मेगाबाइट जागा लागते. सेकंदाला १० मेगाबिट या वेगाने मुद्रित केलेल्या चित्रफितीला मिनिटाला ७५ मेगाबाइट लागतात. म्हणजे प्रत्येकी एका मिनिटाचे १०० संदेश ध्वनिरूपात सुमारे ०.५ गिगाबाइटमध्ये, तर चित्ररूपात ७.५ गिगाबाइटमध्ये मावतात. आजच्या काळात ही जागा फार नाही. परंतु अनेक नातेवाइकांना प्रती देताना व वर्षानुवर्षे नव्या साधनावर नक्कल करताना लहान फाइली सोयीच्या ठरतात.

## महाराष्ट्रातील विवाहात वापर

पाश्चात्त्य विवाहात पाहुण्यांची संख्या बहुधा बेताची असते व मेजवानी बराच वेळ चालते. महाराष्ट्रातील अनेक विवाहांत शेकडो पाहुणे येतात, अक्षता पडल्यावर जेवतात आणि परततात. एका संदेशास एक मिनिट व माणूस बदलण्यास अर्धा मिनिट धरल्यास एका यंत्रावर तासाला ४० संदेश होतात. तीन तासांच्या स्वागत समारंभात ते १२० च्या पुढे जात नाहीत. त्यामुळे प्रत्येकाचा संदेश घेण्याचा अट्टहास व्यर्थ ठरतो. कोणाचे बोल हवेतच, याची छोटी यादी आधी करणे व त्या मंडळींना यंत्रापर्यंत नेण्याचे काम घरच्या एखाद्या तरुणाकडे सोपवणे हा व्यवहार्य मार्ग आहे.

यंत्राची जागाही महत्त्वाची असते. व्यासपीठाजवळ ध्वनिक्षेपकांचा त्रास होतो. प्रवेशद्वारात थांबायला कोणी तयार नसते. भोजनगृहातून बाहेर पडण्याच्या वाटेवरची, बसायला खुर्ची असलेली जागा बरी पडते. आदल्या दिवशीचे सीमांतपूजन, हळद किंवा मेंदी अशा घरगुती प्रसंगी गोंगाट कमी व वेळ अधिक असल्याने वृद्धांचे संदेश त्या वेळी घेतल्यास ते अधिक मोकळे येतात.

उखाणे, मंगलाष्टके व घाण्याची, हळदीची पारंपरिक गाणी यांसाठी श्राव्य साधन पुरेसे असते. फुगड्या, झिम्मा किंवा रुखवताभोवतीचे कौतुक यांना चित्र लागते.

परदेशी असलेल्या मराठी नातेवाइकांचे संदेश बहुधा व्हॉट्सॲपवरून येतात. तेथे ध्वनिसंदेशाची सोय २०१३ पासून आहे. मात्र अशा माध्यमातून येताना ध्वनी व चित्र संकोचित होतात. शक्य असल्यास मूळ फाइल ई-मेलने किंवा दस्तऐवज म्हणून मागवल्यास दर्जा टिकतो.

## निवडीचे निकष

सामान्यतः पुढील परिस्थितीत श्राव्य नोंदवही अधिक योग्य ठरते :

* कुटुंबात वृद्ध मंडळी अधिक असून त्यांचे मनोगत हवे असल्यास.
* छायाचित्रण व चित्रीकरण स्वतंत्रपणे होणार असल्यास. अशा वेळी चेहरे आधीच टिपले जातात. उणीव असते ती बोलण्याची.
* जागा लहान, प्रकाश अपुरा व गोंगाट जास्त असल्यास.

पुढील परिस्थितीत दृक्‌श्राव्य नोंदवही अधिक योग्य ठरते :

* पाहुण्यांत सांकेतिक भाषा वापरणाऱ्या व्यक्ती असल्यास.
* वधूवरांचा मित्रपरिवार व मुले यांचा भरणा असल्यास.
* इतर चित्रीकरण होणार नसल्यास किंवा केवळ विधींपुरतेच होणार असल्यास.
* शांत खोली, पुरेसा प्रकाश व वेगळा मायक्रोफोन यांची सोय असल्यास.

दोन्ही साधने शेजारी ठेवल्यास पाहुणे त्यांपैकी एकच निवडतात किंवा रांग पाहून दोन्ही टाळतात. दोन्ही हवी असल्यास त्यांची वेळ व जागा वेगळी ठेवणे इष्ट असते. भाड्याचे साधन न घेता साधा मोबाइल तोंडाजवळ धरूनही चांगले ध्वनिमुद्रण करता येते. फोनच्या रूपाचा उपयोग पाहुण्याला बोलते करण्यापुरता आहे. मुद्रणाचा दर्जा त्याने वाढत नाही.

कोणतेही साधन निवडले तरी पाहुण्याने प्रथम आपले नाव, गाव व वधूवरांशी असलेले नाते सांगणे आवश्यक आहे. केवळ आवाज असलेल्या नोंदीत तर ते अपरिहार्य ठरते, कारण तीस वर्षांनंतर ऐकणाऱ्या पिढीला तो आवाज ओळखता येणार नाही. ‘शुभेच्छा द्या’ असे म्हणण्याऐवजी नेमका प्रश्न विचारल्यास उत्तरही नेमके येते. ‘तुमच्या लग्नातील एक आठवण सांगा’ किंवा ‘नवरीच्या लहानपणचा एक प्रसंग सांगा’ असे प्रश्न स्वागतसंदेशात घालता येतात.

## जतन

मुद्रणाच्या इतिहासात साधने माणसांपेक्षा लवकर कालबाह्य झाल्याचे दिसते. जपानमधील फुनाई या कंपनीने २०१६ मध्ये व्हीएचएस यंत्रांचे उत्पादन थांबवले. अनेक घरांत लग्नाची चित्रफीत आहे, पण ती लावण्याचे यंत्र नाही. दमट हवेत अशा फितींवर बुरशीही चढते. डिजिटल नोंदी या धोक्यापासून मुक्त नाहीत. मेमरी कार्ड व पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षे न वापरता पडून राहिल्यास त्यांतील विद्युतभार क्षीण होऊन मजकूर नष्ट होऊ शकतो. अल्बममध्ये छापलेला क्यूआर कोड हा तर केवळ संकेतस्थळाचा पत्ता असतो. ते संकेतस्थळ बंद पडले की कोड निरुपयोगी ठरतो.

म्हणून प्रत्येक नोंदीच्या किमान तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी, असा नियम जाणकार सांगतात. आवाजासाठी ‘वेव्ह’ सारखे असंकोचित व सर्वत्र चालणारे स्वरूप सुरक्षित मानले जाते. फाइलीला ‘००१’ असे नाव न देता बोलणाऱ्याचे नाव, नाते व तारीख द्यावी. संदेशांचे शब्द कागदावर उतरवून ठेवल्यास यंत्र नसतानाही आशय वाचता येतो. अशा रीतीने बोललेली वही पुन्हा लिखित वहीला जोडली जाते.

## संमती व खासगीपणा

पाहुण्याला आपले बोलणे मुद्रित होत आहे, हे आधी कळले पाहिजे. ते कोण ऐकणार, हेही सांगणे योग्य ठरते. एकांतात सांगितलेली गोष्ट भर सभेत ऐकवल्यास विश्वासाला तडा जातो. भारतातील डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ हा व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागू होत नाही. मात्र साधन भाड्याने देणारा व्यावसायिक संदेशांची प्रत स्वतःकडे ठेवत असेल, तर त्याला ही घरगुती सवलत मिळते असे गृहीत धरता येत नाही. समारंभानंतर त्याच्याकडील प्रती पुसून टाकल्याची खात्री करून घेणे हिताचे असते.

आवाजाच्या अगदी छोट्या नमुन्यावरून त्याची हुबेहूब नक्कल करणारी संगणकीय साधने आता उपलब्ध आहेत. त्यामुळे विशेषतः वृद्ध नातेवाइकांचे नावासह असलेले संदेश समाजमाध्यमांवर सर्वांसाठी खुले ठेवू नयेत. आहेराची वही जशी घरच्या कपाटात राहते व गरजेच्या वेळीच उघडली जाते, तशीच ही नोंदवहीही घरापुरती ठेवणे सुरक्षित ठरते.